रायतूरचा सूर

गोव्यास जाणारा प्रवासी बहुधा समुद्रासाठी जातो. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याचे पाय मात्र समुद्राकडे पाठ करून आतल्या बाजूस, जुवारी नदीकडे वळतात; कारण तेथे रायतूर आहे. साष्टी महालातील हे एक लहानसे गाव. नकाशात ते राशोल या पोर्तुगीज वळणाच्या नावाने सापडते. टेकडीवर जेजुइटांनी उभारलेले भव्य धर्मविद्यालय, त्याला लागून पांढरेशुभ्र चर्च, एके काळच्या किल्ल्याची मागे उरलेली वेस आणि भोवताली भाताची खाचरे. या ठिकाणी १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. विल्टशरमध्ये जन्मलेला हा इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला, पुढची चाळीस वर्षे त्याने बहुतांशी साष्टीतच काढली, आणि ज्ञानेश्वर-एकनाथांनी जो छंद घराघरांत नेला त्या ओवीत बायबलाची कथा गुंफली. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या जवळपास. देवनागरीचे खिळे हाती नव्हते, म्हणून हे मराठी पुराण रोमन लिपीत छापावे लागले. एम. ए. ला ज्यांनी प्राचीन मराठी वाङ्मय अभ्यासले, त्यांच्या मनात रायतूरचे स्थान आळंदी-पैठणाइतके नसले, तरी त्या यादीच्या बाहेरचेही नाही.

फोंड्याकडील आप्तांच्या घरचे कार्य फेब्रुवारीच्या अखेरीस निघाले, तेव्हा हा योग आला. बालाघाटहून गोंदिया, नागपूर, मुंबई आणि तेथून कोकण रेल्वेने मडगाव, असा हा लांबचा पल्ला. वैनगंगेच्या काठची आम्ही माणसेही भातावर वाढलेली. त्यामुळे साष्टीची खाचरे आणि बांधावरून जाणाऱ्या पायवाटा पाहून परमुलखात आल्यासारखे वाटले नाही. रायतूरला ग्रंथाची जन्मभूमी पाहावी, दोन घटका बसावे आणि परतावे, एवढाच बेत होता. तेथील एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी मात्र त्या दगडी ओवरीत उभे राहून एक वाक्य सांगितले, आणि पुढच्या चार दिवसांची दिशाच बदलली. ते म्हणाले, “तुम्ही ओवी शोधायला आलात, ठीक आहे. पण या जागेने साष्टीला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे रोमचे गाणे. ओवी गेली, ते गाणे अजून थोडे शिल्लक आहे.”

रोमचे गाणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत संगीताचे एक नवे युग सुरू झाले. त्याला पुढे ‘बरोक’ असे नाव पडले. त्यापूर्वीच्या धर्मसंगीतात अनेक आवाज एकमेकांत विणले जात आणि त्या विणीत शब्द हरवत. नव्या रचनाकारांनी एकच गळा पुढे आणला. शब्द स्पष्ट कळावा, त्यातला भाव ऐकणाऱ्याच्या हृदयास भिडावा, आणि वाद्यांनी त्या गळ्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी ही मांडणी. यातून ‘कांताता’ हा प्रकार जन्मास आला. ‘कांतारे’ म्हणजे गाणे. जे गावयाचे ती कांताता. ‘सोनारे’ म्हणजे वाजणे. जी वाजवावयाची ती सोनाता. कांतातेचे एक शुद्ध रूप असे असते : सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा किंवा कोवळ्या मुलाचा सर्वांत उंच आवाज, एकटा, साथीला दोन व्हायोलिन, एक व्हायोला, आणि खाली चेलो व हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन यांचा अखंड चालणारा मंद्र आधार. वेशभूषा नाही, रंगमंच नाही, दुसरे पात्र नाही. जे काही घडायचे ते त्या एका गळ्यात घडते.

आपल्या वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. कांतातेत दोन प्रकारचे गायन आलटून पालटून येते. पहिल्याला ‘रेसिटेटिव्ह’ म्हणतात. ते अर्धे बोलणे आणि अर्धे गाणे. ताल सैल, साथ विरळ, कथा पुढे सरकते. दुसरी ‘आरिया’. तेथे कथा थांबते आणि भाव पसरतो. नारदीय कीर्तनात बुवा निरूपण करता करता साकी-दिंडीवर येतात आणि प्रसंग दाटला की पद लावतात, त्याच जातीची ही योजना आहे. आरियेचे बहुधा तीन भाग असतात. पहिला भाग, मग वेगळ्या छटेचा दुसरा, आणि पुन्हा पहिला. परतताना मात्र गायिकेने तो जसाच्या तसा म्हणावयाचा नसतो. आपल्या बुद्धीने, आपल्या हरकतींनी तो सजवावयाचा असतो. अंतरा घेऊन अस्ताईवर येणारा आपला गवई दर वेळी नवे काही घेऊन येतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला या परतीचे मर्म वेगळे समजावावे लागत नाही.

या प्रकाराला ज्यांनी आकार दिला त्यांत रोमचे ज्याकोमो कारिस्सिमी (१६०५ ते १६७४) हे अग्रगण्य. आणि गोव्याच्या इतिहासातील एक नोंद येथे आपल्याला थांबवते. १६६३ च्या जानेवारीत डचांनी कोची घेतली. मलबारात काम करणारे ज्युसेप्पे दी सांता मारिया हे इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू त्या वर्षी गोव्यास होते. तेथे बॉम जेझूच्या बॅसिलिकात त्यांनी सात गायकवृंदांनी मिळून सादर केलेले कारिस्सिमींचे संगीत ऐकले. गाणारे-वाजवणारे गोव्याचेच लोक होते. आपण रोममध्येच आहोत असा भास झाला, आणि या लोकांना हे संगीत इतके सहज कसे येते याचा विस्मय वाटला, असे त्यांनी लिहून ठेवले. कारिस्सिमी तेव्हा हयात होते. ज्या वर्षी शिवछत्रपतींनी पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला, त्याच वर्षी मांडवीच्या काठी रोमच्या जिवंत रचनाकाराचे संगीत येथल्या गळ्यांतून उमटत होते. आपण इतिहास वाचताना ही दोन चित्रे शेजारी ठेवीत नाही. वास्तविक ती एकाच सह्याद्रीच्या दोन अंगांना आहेत.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यास जाऊन ती बॅसिलिका पाहिली. १५९४ साली बांधावयास घेतलेली आणि १६०५ साली पुरी झालेली ही वास्तू. जांभ्या दगडाचा तांबूस दर्शनी भाग आणि आत उंचच उंच सोनेरी वेदी. येणारे लोक सेंट झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे पाहतात. मी मात्र छताकडे आणि भिंतींकडे पाहत उभा होतो. सात गायकवृंद कोठे कोठे उभे केले असतील? समोर सेचे कॅथीड्रल आहे. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. उरलेल्या एका मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली थोर घंटा आहे. पश्चिमेच्या टेकडीवर सांता मोनिका हा जोगिणींचा मठ आहे. १६०६ साली त्याची स्थापना झाली. तेथे स्त्रियांचे आवाज नित्य प्रार्थनेत उठत. पण ते जाळीआडून, आणि जाळीआडच विरत. कॅथलिक चर्चच्या गायकवृंदात त्या काळी स्त्रीला जागा नव्हती. उंच स्वर लागे तो मुलांनी लावावयाचा. पूर्वेच्या टेकडीवर मोंत मातेचे कपेल आहे. तेथून मांडवी, दिवाडी बेट आणि झाडीतून डोकावणारी चर्चे एका दृष्टिक्षेपात दिसतात. या कपेलाचा जीर्णोद्धार झाल्यापासून तेथे संगीतोत्सव होत आले आहेत, आणि त्यांत युरोपीय व हिंदुस्थानी अशी दोन्ही संगीते एकाच व्यासपीठावर येतात.

त्या टेकडीवर बसलो असता मनात एक विचार आला, आणि तो शिक्षकाच्या पेशातून आलेला असल्यामुळे वाचकांनी तो तशाच बेताने घ्यावा. या सर्व संगीताचा उगम राजवाड्यात शोधू गेलो तर थोडासाच सापडतो. शाळेत शोधला तर जवळजवळ सगळा सापडतो. कारिस्सिमी कोण? रोममधील जेजुइटांच्या जर्मन विद्यालयाचे संगीतशिक्षक; १६३० च्या सुमारास तेथे रुजू झाले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले. व्हिवाल्डी (१६७८ ते १७४१) कोण? व्हेनिसमध्ये टाकून दिलेल्या मुलींचे पिएता नावाचे एक आश्रयस्थान होते. तेथे १७०३ पासून व्हायोलिन शिकवणारा धर्मगुरू. त्या मुलींना आडनाव नसे. जी व्हायोलिन वाजवी ती ‘व्हायोलिनची अ‍ॅना मारिया’ म्हणून ओळखली जाई. त्या जाळीआडून गात, आणि त्यांना ऐकण्यासाठी युरोपभरचे लोक येत. सोप्रानो व तंतुवाद्यांसाठी व्हिवाल्डींनी लॅटिन मोतेते रचली. त्यांतल्या एका प्रसिद्ध मोतेताची घडण सांगण्याजोगी आहे : एक आरिया, मग एक रेसिटेटिव्ह, पुन्हा आरिया आणि शेवटी केवळ ‘आलेलुया’ या एका शब्दावर रचलेली स्वरांची आतषबाजी. नाव मोतेत, रूप कांतातेचेच. नेपल्समध्ये ज्यांना ‘कॉन्सर्व्हातोरिओ’ म्हणत ते मुळात अनाथ मुलांचे सांभाळगृह होते. त्या शब्दाचा अर्थच सांभाळण्याची जागा. आणि योहान सेबास्टियन बाख? १७२३ पासून १७५० पर्यंत ते लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेच्या नोकरीत होते. त्यांच्या सुमारे दोनशे धार्मिक कांताता आज उपलब्ध आहेत. त्यांतील लाइपझिगच्या चर्चमध्ये गायिल्या गेलेल्यांतले उंच स्वर त्या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या गळ्यांतून उमटत. ज्याला जग महान संगीतकार म्हणते त्याच्या डोक्यावर शाळेचे वेळापत्रक होते.

गोव्यातही हेच घडले. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चच्या आधाराने गावोगाव शाळा निघाल्या. तेथे मुलाला अक्षरओळख होई, धर्माचे पाठ होत आणि त्यांच्या बरोबरीने सुरांचे वाचन शिकवले जाई. शिकवणारा ‘मेस्त्रे’. सकाळी मुलांकडून सा-रे-ग-म सारखे दो-रे-मी घोकून घेणारा, रविवारी चर्चच्या माळ्यावर वाद्यवृंद सांभाळणारा, लग्नात आणि अंत्ययात्रेतही वाजवणारा. मुलाला लिहिता येण्याआधी सूर वाचता येई, असे साष्टीत म्हातारी माणसे आजही सांगतात. या मेस्त्रेचे वेतन अनेक गावी गावकरीच्या सामाईक उत्पन्नातून निघे. म्हणजे भाताच्या खाचरांतून सूर पिकत होता.

येथे एक गोष्ट नीट सांगणे आवश्यक आहे, अन्यथा चित्र खोटे होईल. हे संगीत गोव्यात गोडीगुलाबीने आले नाही. सोळाव्या शतकात बारदेश व साष्टीतील देवळे पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले, आणि ज्यांना धर्म सोडवेना त्यांनी देव उचलून नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, पोर्तुगीज सत्ता नव्हती. तेथे देव स्थिरावले. एकाच गावाचे, कदाचित एकाच घराचे दोन भाग झाले. अलीकडच्या तीरावर चर्चची घंटा राहिली, पलीकडच्या तीरावर देवळाचा चौघडा.

पलीकडच्या तीरावरही गाणे होते, आणि तेही एका शाळेनेच सांभाळले होते, फक्त तिला शाळा म्हणत नसत. देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या कलावंत समाजाच्या घरांतून आई मुलीला गाणे देत असे. चर्चमध्ये स्त्रीचा आवाज वर्ज्य होता; देवळात तो हवा होता, पण तो लावणारीला समाजात मान नव्हता. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे या याच मुलखातून आल्या. मंगेशीत १९०० साली दीनानाथ जन्मले. फोंड्यातील आमचे कार्य आटोपल्यावर सायंकाळी मंगेशीस गेलो. दीपमाळ, तळी, पांढरा-पिवळा सभामंडप. तेथे उभे राहून मनात म्हटले, हा जुवारीपलीकडचा आवाज. आणि अलीकडच्या तीरावरची ती व्हायोलिने. यांची पुन्हा गाठ कधी पडली असेल?

गाठ पडली, आणि ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पोर्तुगीज अमदानीत साष्टी-बारदेशातून हजारो माणसे पोटासाठी मुंबईस गेली. मेस्त्रेच्या शाळेत सुरांचे वाचन शिकलेल्यांना तेथे मूकपटगृहांत, हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत काम मिळाले. संगीतदिग्दर्शक चाल गुणगुणत. ती कागदावर उतरवून वीस-तीस वादकांच्या वाट्याला वेगवेगळे सूर लिहून देणारे बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती असत. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले एक नामांकित. दुसरे अँथनी गोन्साल्व्हिस. जन्म १९२७ चा, गाव माजोर्डा. वडील तेथल्या चर्चचे मेस्त्रे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या एका लोकप्रिय चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव येते, ते शिष्याने गुरूला दिलेले वंदन होते. देशभरच्या मुलांनी ते विनोदी पात्राचे नाव समजून म्हटले. १९५८ साली याच अँथनींनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचनांचा कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहून गाणाऱ्यांत मन्ना डे होते, आणि दीनानाथांची कन्या होती.

लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इंदूरचा. म्हणजे आपल्या मध्यप्रदेशच्या मराठी घरांचा तो मानाचा तुरा. त्यांच्या पन्नास-साठच्या दशकांतील गाणी वाचकांनी एकदा वेगळ्या कानाने ऐकावीत. सगळ्यांत वर एकटा, उंच, निर्मळ स्त्रीस्वर. खाली व्हायोलिनांची रांग. कधी ती स्वराच्या मागून चालते, कधी दोन ओळींमधली जागा भरून काढते, कधी स्वर थांबताच त्याचेच वाक्य पुरे करते. त्याखाली चेलोचा मंद्र आधार. त्या काळी गायिका आणि वादक एकाच खोलीत, एकाच वेळी ध्वनिमुद्रण करीत. एक चुकला तर सर्वांनी पुन्हा आरंभ करावयाचा. सोप्रानो आणि तंतुवाद्ये यांची जी रचना रोम-व्हेनिसमध्ये तीन शतकांपूर्वी घडली, तिचे आपल्या देशातील रूप हेच, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. राग आपला, शब्द आपले, गायकी आपली. पण एकट्या गळ्यामागे तारांनी कसे उभे राहावे, ही विद्या साष्टीच्या मेस्त्रेंची. माजोर्डा ते वेर्णे हे अंतर काही फार नाही. वेर्ण्याहून म्हाळसा गेली, कुठ्ठाळीहून मंगेश गेला. चारशे वर्षांनी त्या मातीचे दोन्ही भाग मुंबईच्या एका बंद खोलीत समोरासमोर बसले, आणि गाणे पुरे झाले. लताबाई २०२२ साली गेल्या. अँथनी त्याआधी दहा वर्षे, २०१२ साली.

परतीच्या आदल्या रविवारी साष्टीतील एका खेड्यातल्या चर्चमध्ये लेंटमधील मोतेत ऐकावयास मिळाले. ख्रिस्ताच्या यातनांचे स्मरण करण्याचा तो उपवासकाळ. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, खाली डबल बेस. रचना कुणा गावच्याच मेस्त्रेची, लॅटिन भाषेतली. सुरुवातीस दोन आवाज एकमेकांना धरून चालले. मग व्हायोलिने मंदावली आणि चाळिशीच्या घरातील एका बाईंनी एकटीने एक लांबलचक ओळ उचलली. आवाज कसलेला नव्हता. वरच्या स्वरावर थोडा कापलाही. पण सारे चर्च जसे श्वास रोखून त्या ओळीखाली उभे राहिले. आता स्त्रियाही गातात. जाळी राहिलेली नाही. ती ओळ संपल्यावर व्हायोलिनांनी तीच पुन्हा, हळूच म्हटली. तो क्षण लिहून सांगण्यासारखा नाही. एवढेच म्हणता येईल की विल्टशरच्या स्टीफन्सला ओवीत जे सापडले असेल, त्याची उलट बाजू मला तेथे सापडली.

मागाहून वाद्ये आवरणाऱ्या वृद्ध व्हायोलिनवादकाशी बोलणे झाले. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, कोंकणी आली, हे त्यांना योग्यच वाटत होते. पण त्यासोबत लॅटिन मोतेते मागे पडली. मुक्तीनंतर जमिनीचे कायदे बदलले, गावकरीचे उत्पन्न आटले आणि मेस्त्रेची जागा गावोगाव रिकामी होत गेली. “मुलांना गाणे आवडत नाही असे नाही हो,” ते म्हणाले, “रोज संध्याकाळी बसवून घेणारा कोणी नाही.” मिकाएल मार्तिंशांसारख्या व्हायोलिनवादकाने आयुष्य वेचून गोव्याची गाणी स्वरलिपीत उतरवून ठेवली, पणजीच्या कला अकादमीने पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण चालविले, म्हणून पुष्कळ वाचले. पण संग्रहात राहणे वेगळे आणि गावाच्या गळ्यात राहणे वेगळे.

परतीच्या प्रवासात मी रायतूरच्या त्या धर्मगुरूंच्या वाक्याचा विचार करीत होतो. ओवी गेली, हे खरे. ‘क्रिस्तपुराण’ एके काळी रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये वाचले जाई. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे ज्ञात नाही. मग हा ग्रंथ आपल्या हाती आला कसा? गोवा सोडून कानडी मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, जपला आणि वाचला. त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास त्याची नवी आवृत्ती निघाली. ज्या भूमीत ग्रंथ जन्मला तेथे तो नष्ट झाला; मुलूख सोडून गेलेल्यांच्या घरी तो टिकला. त्यांना त्यासाठी कोणी अनुदान दिले नव्हते. घरातल्या कोणीतरी दिव्याच्या उजेडात बसून पाने उतरवली, आणि पुढच्या पिढीला ती वाचावयास शिकवली.

आपण बालाघाट, वारासिवनी, शिवनी, छिंदवाड्याकडील मराठी घरे याच जातीची आहोत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात आपला वावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तिकडे गेला आणि वैनगंगेचा हा काठ इकडे राहिला. गोंदिया डोळ्यांसमोर असूनही दुसऱ्या राज्यात गेले. शाळेची भाषा हिंदी, कचेरीची हिंदी, आणि ती भाषाही आता आपली आहे. तिच्याशी आपले भांडण नाही. मराठी घरात बोलली जाते. वाचली मात्र कमी जाते, आणि लिहिली त्याहून कमी. गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवात तिचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती सुखरूप आहे असे आपण मानतो. गोव्याच्या चर्चमध्येही सणाला गर्दी असते. पण उणीव भासते ती सणाच्या दिवशीच्या श्रोत्याची नव्हे; सोमवारी संध्याकाळी मुलांना बसवून घेणाऱ्याची.

ज्यांना जमेल त्यांनी एवढे करावे. आठवड्यातून एक संध्याकाळ, गल्लीतली चार-पाच मुले, एखादे जुने ‘बालभारती’ किंवा श्यामची आई, आणि हाताने लिहून काढावयाचे एक पान. मेस्त्रेला याहून अधिक साहित्य लागत नसे. आमच्या घरी गेल्या महिन्यापासून दर बुधवारी संध्याकाळी तीन मुले येतात. चौथी शेजारच्या हिंदी भाषिक घरातली आहे, तिला ‘ळ’ लिहिता येत नव्हता, आता येतो.